मालिकेतली सून परत आली

चि. धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांची जुनी खोड. लेक कामावर जायला लागलाय. ताटात वाढलं तर जेवतो.

तू विचारलंस, आपली मालिका बघते का. बघते. पण ती लिहिणाऱ्याला लाज नाही गं. सून दरीत पडली, सगळे आठवडाभर रडले, आणि सहा महिन्यांनी ती दारात उभी. अंगावर ओरखडा नाही, लिपस्टिकसुद्धा तीच. एरवी मी टीव्हीलाच चार शब्द सुनावले असते.

पण आपल्या घरातली सून गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. नातीनं रडणं बघू नये म्हणून मीच तिला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं. नेमका ती दारात परत येते तोच भाग लागला होता. चूक माझीच.

आता रोज मालिकेच्या वेळी पोर दाराची कडी काढून ठेवते. आईच्या चपला कुणाला हलवू देत नाही. काल तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, ते सगळं खोटं असतं. माणसांना रंग फासून बोलायला लावतात."

ती म्हणाली, "माहितीये आजी. पण कडी उघडी राहिली तर काय बिघडतं?"

माझी जीभ तुला ठाऊक आहे. पण काल कडी तशीच राहू दिली.

तुझी सून कशी आहे? तिच्यावर उगाच खेकसत जाऊ नकोस. मी फार खेकसले.

तुझी,
थोरली