नव्वदचे शहाण्णव

४ मार्च

अंगठाच नाही! हाताच्या चित्रात चार बोटं जागेवर, मनगट जागेवर आणि अंगठ्याच्या ठिकाणी एक सरळ रेघ — थेट कागदाबाहेर. पाहून आधी हसूच फुटलं. मग खालचा मजकूर वाचला आणि हसू जिरलं.

पाठवणाऱ्या बाई एका रुग्णालयाच्या शिवणखोलीत काम करतात. भाजलेल्या माणसांसाठी घट्ट कपडे शिवतात — हातमोजे, बाह्या, गळपट्टे. जखम भरताना कातडीवर सारखा दाब लागतो म्हणे, नाहीतर ती गोळा होते आणि बोटं आखडतात. बाई संगणकावर आकार काढतात, आमची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, तो वाचते आणि कापणी यंत्राला रेघा आखून देते. "सहा वर्षांची मुलगी आहे. उजवा हात. जरा लवकर बघाल का?" एवढंच. दटावणी नाही, काही नाही.

मी म्हटलं, हे मी घेते. गुरुजी म्हणाले, "घे. पण अंगठाच दुरुस्त कर. दिसेल ते पुसत सुटू नकोस." गुरुजी म्हणजे आमचे सीनिअर. शिक्षक नाहीत, पण दुसऱ्याच्या कोडवर शेरे मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

५ मार्च

सापडलं, सापडलं!

चाप, म्हणजे वळणदार रेघ, काढायच्या आज्ञेत आकड्यांच्या रांगेत दोन खुणा असतात. फक्त शून्य किंवा एक. चाप मोठा की छोटा, इकडून की तिकडून, एवढंच सांगतात. बाईंचा प्रोग्रॅम नवा झालाय आणि तो जागा वाचवायला मधल्या मोकळ्या जागा गाळतो. खुणा पुढच्या आकड्याला चिकटतात. आमचा पार्सर, म्हणजे आकडे वाचणारा भाग, खुणेसकट सगळा एकच आकडा समजून गिळतो, मग पुढचे सगळे एकेक घर सरकतात. बिचारा अंगठा!

खुणेच्या जागी एकच अक्षर वाचून थांबायचं — दुरुस्ती एवढीशी. चाप वळला. अंगठा आला. मी खुर्चीत उडीच मारली. ऑफिसात खिडकीजवळ बसणारी मैत्रीण म्हणाली, "बाळंतपण झालं का गं? काय झालं, मुलगा की मुलगी?" "अंगठा झाला," म्हटलं.

६ मार्च

बाबांनी खालच्या मजल्यावर सांगून टाकलंय की पोरगी लायब्ररीत लागली. आज खालच्या काकांनी जिन्यात अडवून विचारलं, "सभासद व्हायला काय लागतं?" मी समजावून सांगितलं. काका बराच वेळ मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे पुस्तकं घरी नेऊ देत नाहीत तर."

आई इस्त्री करता करता हसून बेजार. घरात एकच पदवी, तीही कुणाला समजेल अशी नाही!

९ मार्च

अंगठ्याची दुरुस्ती तपासताना बाजूच्याच ओळीत नव्वद दिसला. पडद्यावरचे किती ठिपके म्हणजे एक इंच? सगळे पाळतात त्या नियमात स्पष्ट लिहिलंय, शहाण्णव. आमच्याकडे नव्वद. कधीपासून, कुणास ठाऊक. म्हणजे आमच्याकडून जाणारी प्रत्येक वस्तू थोडी मोठी जाते. आणि कुणाला काही वाटत नाही?

चूक ती चूक. दिसली आणि सोडून दिली तर शिकून काय उपयोग? नव्वदचे शहाण्णव केले.

सगळ्या चाचण्या लाल झाल्या, म्हणजे नापास. होणारच. आमची चाचणी म्हणजे नव्याने काढलेलं चित्र जपून ठेवलेल्या नमुना चित्राशी ताडायचं. इथे तर सगळीच चित्रं बदलली. मी एकेक उघडून पाहिलं — आकार ठीक, रंग ठीक — आणि नवी चित्रं नमुना म्हणून ठेवून दिली. सगळं हिरवं.

गुरुजींनी विचारलं, "हे शहाण्णव मध्येच कुठून आलं?" मी नियम काढून दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. "नियम तर बरोबर आहे," म्हणाले. आणि मंजुरी दिली.

१० मार्च

नवी आवृत्ती गेली. बाईंना स्वतः कळवलं. लगेच उत्तर — "तुमच्या तोंडात साखर पडो."

१३ मार्च

नीट लिहिते.

बाईंचा निरोप आला. अंगठा छान आलाय. पण हातमोजा फार घट्ट झाला. मुलगी रडत होती. तिच्या आईला वाटलं, सवय नाही म्हणून रडतेय. तसंही पहिल्या दिवशी सगळीच मुलं रडतात. मग बोटांची टोकं निळी दिसली. परिचारिकेने कात्रीने हातमोजा फाडून काढला. हात ठीक आहे. ठीक आहे म्हणे! पण नवी कातडी एका जागी उकलली.

"माझंच काही चुकलं का बघा," असं लिहिलंय बाईंनी. त्यांचं! "तुमचं यंत्र नेहमीच थोडं सैल कापतं, म्हणून मी आधीच दर सोळा घरांतलं एक घर कमी आखते. वर्षानुवर्षं तसंच करते."

नव्वद आणि शहाण्णव, फरक सहाचा, म्हणजे शहाण्णवचा बरोबर सोळावा भाग. सोळातलं एक घर. त्यांनी कमी केलंच होतं, त्यावर मी आणखी कमी केलं.

पडद्यावर प्रत्येक चित्र पाहिलं मी. पट्टी एकदाही लावली नाही.

नंतर, त्याच दिवशी — गुरुजींकडे गेले. वाटलं, आता ऐकावं लागणार. ते खुर्ची ओढून बाजूला बसले. "मंजुरी माझी होती. मीही नियमच वाचला. त्या नव्वदवर कोणाचं काय चाललंय, हे मीही विचारलं नाही." मग हळूच, "पण आपल्याकडे दुरुस्ती ज्याने केली त्यानेच मागे घ्यायची. मी करून देणार नाही."

मागे घेतली. बरोबर असलेला आकडा खोडून चुकीचा लिहिला, माझ्या हाताने. अंगठा तेवढा ठेवला. ज्यांना शहाण्णव हवेत त्यांनी ते सांगून मागावेत, अशी सोय केली. आणि एक नवी चाचणी — छापून, पट्टीने मोजायची. खिडकीजवळची म्हणाली, "संगणकाच्या कंपनीत पट्टी!" पण दुसऱ्या क्षणी स्वतःची आणून दिली.

१४ मार्च

जेवण जाईना. आईने आग्रह केला नाही, समोर येऊन बसली. सगळं सांगितलं. ठिपके, इंच, सगळं. तिला किती कळलं, माहीत नाही. म्हणाली, "पोर कशी आहे आता?"

"बरी आहे म्हणतात."

"म्हणतात काय! गेलीस का बघायला?"

"काय तोंड दाखवू, आई?"

"हेच दाखव. दुसरं कुठून आणणार आहेस?"

बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "मी येऊ का गं बरोबर?" नको म्हटलं. डोळे भरून आले मात्र.

१६ मार्च

गेले होते. शिवणखोली म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला खिळे आणि खिळ्यांना कागदाचे हात. लहान, मोठे, एकाला दोनच बोटं. प्रत्येक कागद त्या नव्वदवर कापलेला. मी बघत उभी राहिले. कोडमध्ये ती एक ओळ होती.

बाई ठेंगण्या, गळ्यात टेप. मी म्हटलं, "चूक तुमची नव्हती. माझी होती." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढीशी आहेस की गं! मला वाटलं, कोणी टक्कलवाले साहेब असतील." मग स्टूल पुढे केलं. "बस. आणि तोंड असं करू नकोस, इथे रोज माझ्याकडे रडकी तोंडं येतात."

नवा हातमोजा कापलेला होता. आम्ही दोघींनी मोजला. अचूक.

छोटी काही भेटली नाही. मलमपट्टी चालली होती. दाराबाहेरून आवाज ऐकला फक्त.

१७ मार्च

बाईंचा निरोप — जखम सुकतेय, डॉक्टरांनी हातमोजा घालायला हरकत नाही म्हटलंय. उद्या घालणार. आज किती दिवसांनी पोटभर जेवले! बाबांनी खालच्या काकांना सांगितलं, लायब्ररीतली भानगड मिटली.

१९ मार्च

माप बरोबर. शिलाई बरोबर. छोटी घालायला तयार नाही. हातमोजा दिसला की हात पाठीमागे लपवते. कोणाचंच ऐकत नाही, आईचंही नाही. बोटं आखडायला लागलीत.

उद्याची रजा टाकलीये. माझ्या उजव्या हाताचं माप बाईंना पाठवलं, म्हटलं, असाच एक माझ्यासाठी कापा. तिच्यासमोर बसून आधी मी घालणार. घट्ट आहे का, दुखतं का, काय विचारायचं ते मला विचारू दे. कितीही वेळ लागू दे.