बोअरवरचा शेंदूर

साहेब, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही देवाघरी गेल्याचंच मला उशिरा कळलं. तुमचा जुना ड्रायव्हर माळशेजला जाताना वैशाखऱ्याला चहासाठी थांबला, त्याने सांगितलं. तेव्हापासून मनात लिहितोच आहे.

त्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या घरामागच्या माळावर मशीन लावलं. अणुभट्टीतला कचरा खोल खडकात ठेवता येईल का, याचा तुमचा अभ्यास. इथे फक्त दगडाला भेगा किती आणि पाणी कुठून झिरपतं, एवढंच बघायचं होतं. मी मजुरीला होतो. बोअरमधून दगडाचे गोल दांडके वर येत, ते ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पेटीत लावायचे. मी ते धुऊन, बरे दिसावेत म्हणून, लांब एकीकडे आणि आखूड एकीकडे असे सरपणासारखे रचले. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अहो दादा, डोंगर उलटापालटा केलात की!" मी दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी तुम्हीच मला चुलीपाशी घेऊन बसलात.

अजून दिसतं. तुम्ही नाचणीची भाकरी मोडता आहात आणि म्हणता आहात, "पुरणं सोपं आहे हो. पण हजारो वर्षांनी इथे खणू नका हे लोकांना सांगायचं कुठल्या भाषेत?" आमची ही तव्यावरून मान वर करून म्हणते, "भाषा कशाला, सायेब? दगडाला शेंदूर फासा. कोन हात लावतंय बघू." तुम्हाला हसता हसता ठसका लागला.

दगडाला भेगा निघाल्या. इथे काही ठेवलं नाही, ठेवणारही नाही, असं सांगून तुम्ही भोक सिमेंटने बुजवलंत. तुमची गाडी गेल्यावर हिने त्या सिमेंटला शेंदूर लावला. "सायबाची मस्करी," म्हणाली. पुढे ही गेली. तुमचं बोलणं ऐकलेला मी एकटा उरलो आणि गावात बोलवा उठली, की खाली काहीतरी पुरलंय, ते गावच्या विहिरीत उतरतंय.

मुलगा शहापूरला नोकरीला आहे. नातीला इकडे आणत नाही.

"बाबा, खाली काय नाय तर शेंदूर कशाला?"

"तुझ्या आयशीनं मस्करीत लावला रे."

"मस्करीत कोन देव करतो?"

मग एका सकाळी मी शेंदूर खरवडून काढला. संध्याकाळी बघतो तर कुणीतरी नवा लावून नारळ ठेवलेला. त्या दिवसापासून शेजारी माझ्याकडे चहाही घेत नाहीत.

हे पत्र टाकणार तरी कुठे? पण तुमच्याशिवाय विचारू कुणाला? खरं सांगतो साहेब, उन्हाळ्यापासून मीही त्या विहिरीचं पाणी पीत नाही, पलीकडच्या पाड्यावरून हंडा आणतो. खाली काही नाही ना? तेवढा निरोप धाडा. लवकर धाडा.