खरं सांगायची तालीम

३ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं. ह्यांच्या अपंगत्वाची तपासणी चोवीस तारखेला सकाळी दहाला, लष्करी दवाखाना, दुसरा मजला. दुसरा मजला! कंबर मोडलेल्या माणसांना बोलवायचं आणि जिने चढायला लावायचे. ज्याने ठरवलं त्याला एक दिवस ह्यांची कंबर देऊन चढवायला पाहिजे.

माजी सैनिकांच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "ही शेवटची, बाई. यानंतर अपील नाही. त्यांना काय काय जमत नाही ते रोज लिहून ठेवा." म्हणून ही वही. सहावीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. अक्षराला हसायला कोणी नाही, बरं आहे.

४ फेब्रुवारी

डाव्या पायात मोजा घालता येत नाही. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. बादली उचलायची नाही, तरी उचलतात. ह्यांना विचारलं, अजून काय लिहू? म्हणाले, "काही नाही गं, चाललंय की."

या 'चाललंय की'नेच घात केलाय.

६ फेब्रुवारी

मागची तपासणी सहा वर्षांपूर्वी झाली. आदल्या दिवशी हे केस कापून आले. गुळगुळीत दाढी, शर्टाला कडक इस्त्री, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. वर दुखण्याच्या दोन गोळ्या खाल्ल्या – का, तर साहेबासमोर लंगडायचं नाही. डॉक्टरने विचारलं, काय त्रास? हे ताठ उभे. "काही नाही साहेब, ठीक आहे." त्याने लिहून टाकलं, त्रास नाही. घरी आले ते तीन दिवस अंथरुणात.

चौदा वर्षांपूर्वी घाटात ह्यांचा ट्रक उलटला. मोडक्या पाठीने चार माणसं बाहेर ओढली आणि मग बेशुद्ध पडले. आणि कागद म्हणतो, त्रास नाही.

आता अपंगत्व मंजूर झालं तर पाठीचं ऑपरेशन सरकार करणार. मोठा डॉक्टर म्हणालाय, वर्षाच्या आत झालं तर पाय वाचेल. नाही झालं तर चाकाची खुर्ची. एवढं सरळ आहे.

९ फेब्रुवारी

तालीम सुरू केली. कारखान्यात दिवसभर काज-बटणाचं मशीन चालवून आले, हात धुतले आणि डॉक्टर झाले.

"काय त्रास?"

"ठीक आहे, साहेब."

"मी साहेब नाही आणि हे ठीक नाही. परत."

"किती चालता?"

"लागेल तेवढं."

"अहो, कोपऱ्यावरच्या दुकानाला जाऊन भिंतीला टेकतं ते कोण?"

"ते जरा दम खातो."

डोकं फिरलं माझं. त्यात नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला आता रडायला शिकवतेस का?" म्हटलं, रडायला नाही, बोलायला. तुमच्या घरात तेवढं शिकवायचं राहिलं. फोन ठेवला तिने.

१३ फेब्रुवारी

मुद्दे कागदावर काढून दिले. अकरा झाले. पाठ करायला लावलं. पाठांतरात हे पक्के आहेत, सैन्याची सवय.

१७ फेब्रुवारी

बादली उचलली. भांडलो.

२० फेब्रुवारी

अकराचे अकरा मुद्दे न चुकता म्हणून दाखवले. अडखळले नाहीत, लाजले नाहीत. इतकी खूश झाले की सुपरवायझरशीसुद्धा गोड बोलले. ती घाबरली बिचारी.

२३ फेब्रुवारी

उद्या. म्हटलं, दाढी करू नका. तर म्हणतात, "भिकाऱ्यासारखा जाऊ का?" तोडगा निघाला – दाढी करायची, गोळी खायची नाही. पॉलिशचा डबा मी कपाटावर टाकला. वाकणं नाही तसं हात वर नेणंही जमत नाही ह्यांना. हे लिहायचं राहिलंच होतं. बारावा मुद्दा.

२४ फेब्रुवारी

वही जवळ नाही, सुट्या कागदावर सगळं लिहिते, विसरायच्या आत.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं आणि हे उठून ताठ उभे राहिले. नजर समोर भिंतीवर. "चालणं दोनशे पावलं! बसणं वीस मिनिटं! वजन उचलणं शून्य!" हजेरी दिल्यासारखं. पाचव्या मुद्द्याला तिने पेन खाली ठेवलं.

"पाठ करून आलात?"

सहा वर्षांपूर्वी ह्यांनी घालवलं, या वेळी मी घालवलं. खरं तेच शिकवलं, पण खोटं वाटेल असं शिकवलं.

ती म्हणाली, "बसा. डावा बूट काढा." मी पुढे झाले. "तुम्ही नाही, बाई." भिंतीला लागून उभी राहिले, हात काखेत दाबून.

हे वाकले. अर्ध्यावर अडकले. बुटाची नाडी चार बोटं लांब. परत वाकले. कानामागून घाम. ती घाई करेना, मी मात्र आतल्या आत त्या नाडीला दहादा हात घातला. आता म्हणणार 'ठीक आहे' आणि संपलं, असं वाटलं.

"नाही जमत, बाई," म्हणाले. हळू. "हीच काढते रोज. आणि हा पाय... पाणी गरम की गार, कळत नाही. मागे भाजला होता. हिला नाही सांगितलं."

मला म्हणाले होते, नव्या बुटाने फोड आला. मी दुकानदाराशी भांडून बूट बदलून आणले होते!

तिने बूट स्वतः काढला. तळव्याला सुई टोचत गेली. ह्यांना एकाही ठिकाणी कळलं नाही. मग म्हणाली, "मागच्या वेळी का नाही सांगितलं हे?"

"तेव्हा उभा होतो," म्हणाले. "उभ्याने नाही सांगता येत."

ती दोन पानं भरून लिहीत होती. माझी वही पुढे केली, तीही ठेवून घेतली.

२ मार्च

वही आज टपालाने परत आली. शेवटच्या पानावर शिक्का आणि सही. माझ्या अक्षरावर सरकारी शिक्का.

११ मार्च

मंजूर. ऑपरेशन सहा एप्रिलला.

पत्र दोनदा वाचून दाखवलं. जेवणाचा डबा पिशवीत टाकता टाकता विचारलं, भीती वाटते का? 'नाही' येणार हे ठाऊक, म्हणून दाराकडे वळलेसुद्धा.

"वाटते," म्हणाले. "बस ना जरा."

बसले. कारखान्याला उशीर झाला. होऊ दे.