सोमवारी कोंबडा हजर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. पशुरोग नियंत्रण अधिकारी,
विभागीय कार्यालय, पहिला मजला.

विषय : पुलापलीकडील वस्तीतल्या मोहिमेसाठी माझा कोंबडा सोमवारी सकाळी हजर ठेवण्याच्या आदेशाबाबत.

संदर्भ : १) आपला कालचा आदेश. २) माझे आधीचे दोन अर्ज, ज्यांपैकी एकाला उत्तर मिळाले.

महोदय,

उपरोक्त आदेश पोहोचला. आपला माणूस टोपली घेऊन येईल आणि काम झाल्यावर कोंबडा परत आणून देईल, असे त्यात म्हटले आहे. त्याचे उत्तर शेवटी दिले आहे. त्याआधीचा मजकूर वाचल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून कृपया शेवटच्या ओळीवर उडी मारू नये.

१. मी वजनकाटे दुरुस्त करतो. काटा एक दाखवतो आणि पारड्यात दुसरेच असते, हे मला खपत नाही. घरचे याला खोड म्हणतात. ती खोड लक्षात घेऊन पुढील मजकूर वाचावा.

२. सदर कोंबडा स्वभावाने गरीब आहे. आमच्या आधीच्या कोंबड्याने पोस्टमनला फाटकाबाहेर पळवले होते. हा मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. दाणा दिसला की चोचीत उचलायचा, पुन्हा खाली ठेवायचा आणि कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचे. त्या खाईपर्यंत आपण मान वर करून आकाशात घार आहे का ते बघायचे आणि मग उरलेसुरले टिपायचे. माझी पत्नी त्याला 'भावोजी' म्हणते. ''भावोजी, दोन घास तुम्हीही घ्या, वाळून चाललात,'' असे ती रोज सांगायची. त्या नात्याने तो माझा धाकटा भाऊ लागतो. त्यास माझी हरकत नव्हती.

३. आपले पथक आले तेव्हा आमच्या कोंबड्या धडधाकट होत्या. पण मागच्या गल्लीत कोंबड्यांचा रोग आला होता, तेव्हा आसपासचे सगळे पक्षी मारायचे, आणि नियम म्हणजे नियम, याबद्दल माझी तक्रार नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसे बघून कोंबड्या पांगल्या. काही लाकडांच्या ढिगाखाली, काही टाकीमागे, एक तर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. पथकप्रमुख भला माणूस होता आणि दमलेला होता. तो म्हणाला, ''काका, अजून अख्खी गल्ली बाकी आहे. तुमचंच ऐकतील त्या. तुम्हीच बघा ना काहीतरी.'' मी मूठभर दाणे कोंबड्यापुढे टाकले.

त्याने आपले काम केले. दाणा उचलला, ठेवला, हाक मारली. एकेक करून सगळ्या आल्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी, जी आम्ही उचलल्याशिवाय उठत नसे, तीसुद्धा आली. आपली माणसे मागून उचलत गेली आणि शेवटची पोत्यात जाईपर्यंत तो हाका मारत राहिला. पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिला आत जायला सांगावे हे मला सुचले नाही.

४. यानंतर नियमाप्रमाणे कोंबड्याची पाळी होती. पण पथकप्रमुखाने त्याच्या पायाला दोरी बांधली आणि ''याला राहू दे, पुढच्या घरी लागेल,'' असे म्हणून त्याला बरोबर नेले. गल्लीतल्या प्रत्येक परसात त्याला उभे केले गेले. तिथल्या कोंबड्या त्याला ओळखत नव्हत्या, पण दाण्याची हाक सगळ्यांना कळते. संध्याकाळी तो मला परत मिळाला. ''लाखात एक आहे हो, काका. जपा याला,'' असे पथकप्रमुख म्हणाला आणि फाटकावर नोटीस चिकटवून गेला. नोटिशीत आमच्या घरी पक्षी शून्य, असे लिहिले आहे.

५. दुसऱ्या दिवसापासून भावोजी जेवेना. दाणा उचलतो, ठेवतो, हाक मारतो आणि वाट बघतो. कोणी येत नाही. कोणी आल्याशिवाय तो खात नाही. समोरच्या बाई त्याचा आवाज आला की खिडकी लावून घेतात. त्यांचे काही चुकत नाही. त्यांच्या परसातही तो जाऊन आला आहे. मी त्याला काट्यावर ठेवत होतो आणि दर खेपेस तो कमी भरत होता. शेवटी पत्नीने उपाय काढला. गुडघे दुखत असताना ती जमिनीवर बसते, बोटांची चोच करते आणि त्याच्यासमोर फरशीवर टोचत राहते. मग तो चार दाणे घेतो. त्याला फसवले जाते असे मला वाटत नाही. तो तिचे मन राखतो.

६. पहिल्या अर्जात मी नोंद दुरुस्त करावी अशी विनंती केली होती : शून्याऐवजी एक. उत्तर आले की नोंदीनुसार आपल्या घरी पक्षी नाही, सबब त्याचा विचार करता येत नाही. दुसऱ्या अर्जात मी एक कोंबडी पाळण्याची परवानगी मागितली आणि ते जमत नसेल तर पथकाने येऊन नियम पुरा करावा, असे लिहिले. खिडकीवरचे कारकून म्हणाले, ''काका, नसलेल्या कोंबड्याला सोबत कशी देणार? आणि नसलेला मारणार तरी कसा?'' हे मला पटले. म्हणून कालच्या आदेशाचे नवल वाटले. त्यात तोच कोंबडा 'तांबडा, मोठ्या तुऱ्याचा, शांत स्वभावाचा' असा बिनचूक उतरला आहे.

७. आदेश मी पत्नीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ''तिथेही कुणीतरी बाई खिडकीत उभी असेल.'' मग म्हणाली, ''तुम्ही कराल, की मी करू?''

काल संध्याकाळी ती त्याच्याजवळ फरशीवर बसली. त्याने हाक मारली, तिने बोटांनी टोचले आणि बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला. मग सवयीप्रमाणे आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसला. माझा हात मानेवर आला तरी त्याने वळून पाहिले नाही. मला रडू आवरले नाही, हेही इथे नमूद करतो. नोटिशीतल्या सूचनेप्रमाणे खोल खड्डा करून, चुना घालून त्यास पुरले आहे.

तरी सोमवारी माणूस पाठवू नये. पुलापलीकडे आपणास दुसरा कोंबडा मिळेल, शांत कोंबडे इतके दुर्मिळ नाहीत. माझी एकच विनंती आहे : दाणे घरच्या माणसाला टाकायला लावू नयेत. ते आपल्या माणसांनी टाकावेत.

माझा पहिला अर्ज मी मागे घेत आहे. आपली नोंद आता बरोबर आहे.

आपला,
(सही)
वजनकाटे दुरुस्तीवाला
रविवार

सोबत :
१. आपला आदेश, मूळ प्रत.
२. पथकाने पायाला बांधलेली दोरी. सरकारी आहे, परत करत आहे.