घुबडाचे तात्पर्य

॥ श्री ॥

कुडवा, गोंदिया
रविवार, दि. १ डिसेंबर २०२४

ती. पुष्पाताईस गजेंद्रचा सा. न. वि. वि.

एका घुबडाविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे. पोलीस ती घेणार नाहीत, ग्राहक मंचात घुबड हजर राहत नाही, आणि दामिनीने काल ताट वाढता वाढता जाहीर केले की घुबडाविषयी आणखी एक शब्द बोललात तर भाजी मिळणार नाही. उरलीस तू. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी एक विचारतो आणि तू भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतेस. पत्रात निदान मला मध्येच तोडता येत नाही, ही तुझ्या बहिरेपणाची मला सापडलेली एकमेव चांगली बाजू.

तर घुबड असे. दुर्गेश्वरी रोज संध्याकाळी ‘मस्तीवन’ नावाचे कार्टून पाहते. आठ वर्षांच्या लेकीला नाही म्हणवत नाही. पण संस्कृतच्या मास्तराच्या घरात टीव्ही फुकट चालू नये म्हणून मी नियम घातला आहे, की रोज एकच भाग, आणि लगेच त्याचे तात्पर्य वहीत एका ओळीत. ती वही मी शाळेच्या गठ्ठ्याबरोबर तपासतो. या वनात धमकू नावाचे हत्तीचे पिल्लू राहते आणि घुबडगुरुजी शाळा चालवतात. पंधरा दिवसांपूर्वी जो भाग लागला तो काल पुन्हा दाखवला, आणि माझी जखम ताजी झाली.

वनात शर्यत आहे. धमकू म्हणतो, पाय दुखतो. माकड हसते, ससा हसतो, गुरुजी चष्मा सरसावतात. आता लक्ष दे. आपल्याला, म्हणजे बघणाऱ्यांना, पहिल्याच मिनिटाला त्याच्या तळपायातला काटा दाखवलेला आहे. चांगला बोटभर! शिवाय हा धमकू आजवर एकदाही खोटे बोललेला नाही. उलट दर दोन भागांआड खरे बोलून मार खातो. असा प्राणी लंगडत पळतो, अर्ध्या वाटेत काटा आपोआप गळून पडतो, धमकू पहिला येतो, आणि गुरुजी पंख पसरून सांगतात, “बच्चो, बहाने नहीं, हौसला!” त्यावर धमकू सगळ्यांची माफी मागतो. ताई, काटा ज्याच्या पायात, माफीही त्यानेच मागायची!

आमच्या शास्त्रात याला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून फळ कावळ्याने पाडले असे होत नाही. काटा हौसल्याने निघाला नाही, निघायचा होता म्हणून निघाला. गोष्ट सांगते की दुखणाऱ्याचा पाय बघा. तात्पर्य सांगते की दुखणाऱ्याने गप्प बसा. शेळीच्या गळ्याला लोंबणारे स्तन जितके दुधाचे, तितकेच हे तात्पर्य त्या गोष्टीचे. स्टाफरूममध्ये मी हे दोन तासिका समजावून सांगितले. आता मी आत आलो की लोक चहाचा कप घेऊन बाहेर जातात.

बाकी क्षेम. दुर्गेश्वरी मजेत आहे. एरवी थंडी पडली की रक्तातल्या या सिकलसेलपायी हात दुखतो, पाय दुखतो करून घर डोक्यावर घेते. यंदा पंधरा दिवसांत एकदाही तक्रार नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, त्यांचा गुण असावा. घरात उंदीर मात्र झाले आहेत. तिच्या नव्या स्वेटरची उजवी बाही कुरतडून ठेवली. कपाटात माझी धोतरे होती, पण उंदीरही नवेच कापड बघतात.

भाऊजींच्या मोडक्या पायाला नमस्कार. लोभ आहे तो तसाच राहू द्यावा. घुबडाला त्यात वाटा देऊ नये.

तुझा,
गजेंद्र

* * *

दवनीवाडा
दि. ६ डिसेंबर २०२४

चि. गजेंद्रास अ. आ.

कुडव्यावरून दवनीवाड्याले पत्र यायला चार दिवस लागले. तेवढ्यात तुझा हत्ती लंगडत लंगडत आला असता.

तुझे भाऊजी बरे आहेत, म्हणजे कटकट करून राहिले आहेत. या वयात धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्यावर चढायले कोणी सांगितलं होतं, हे मी रोज विचारते. प्लास्टर निघेपर्यंत त्यांना पळता येत नाही, तेव्हा ऐकून घेतात.

आता घुबड ठेव बाजूला. मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. सिकलसेलची लेकरं मी तुझ्या संस्कृतपेक्षा जास्त पाहिली. थंडीचे पंधरा दिवस आणि एकदाही दुखलं नाही? असं होत नाही रे गजू. गोळीनं कमी होते, पुसून जात नाही. तू कायले एवढा खुश होऊन राहिला? दुखणं थांबलं का सांगणं थांबलं, हे आधी बघ.

आणि तुझा तो उंदीर. सारं कपाट सोडून एका स्वेटरच्या एकाच बाहीले तो काऊन लागते? दामिनीले म्हण, ती बाही हातात घेऊन नीट बघ. पोरीची आंघोळ करताना बोटं, मनगटं, घोटे दाबून बघा.

काल यांच्याकडून तुले फोन लावला होता. तू म्हणे हसला, आणि ताईले सगळीकडे रोगच दिसतात असं म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहून राहिली. कागदावर हसलास तरी कागद समोरून हटत नाही.

तुझ्यावर रागावली नाही. घाबरली आहे. माया तुमच्या तिघांवर आहे, पण आज सगळ्यात जास्त पोरीवर.

पुष्पाताई

* * *

॥ श्री ॥

गोंदिया, दवाखान्यातून
गुरुवार, दि. १२ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

तुझे पत्र मंगळवारी आले. दुर्गेश्वरीला सोमवारी भरती केले होते. भाऊजींना फोनवर दोन वाक्यांत कळवले. बाकीचे त्यांना सांगवले नाही, ते तुला लिहितो.

सोमवारी सकाळी शाळेने मुलांची स्वच्छता फेरी काढली होती. थंडी बरीच होती. ती हातात फलक धरून पूर्ण फेरी चालली. तिच्या बाई सांगतात की सगळ्यांत शहाण्यासारखी चालली, एकदाही थांबू का म्हणाली नाही. संध्याकाळी ती डाव्या हाताने भात कालवताना दिसली. मी म्हटले की आज डावखुरे पाहुणे आले वाटते. दामिनीने तिचा पाठीमागे धरलेला उजवा हात पुढे ओढला. बोटांपासून मनगटापर्यंत हात इतका सुजला होता की बांगडी रुतली होती. अंग तापले होते. बांगडी कापून काढावी लागली, आणि त्याही वेळी ती रडली नाही.

डॉक्टरांनी कधीपासून दुखते विचारले तर तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग दामिनीकडे, आणि मान खाली घातली. हे एका दिवसाचे नाही, आठ-दहा दिवस तरी अंगावर काढलेले आहे, असे ते म्हणाले. रक्त फार कमी झाले होते. दोन बाटल्या चढवल्या. आज ताप उतरला आहे, सूज आहे.

उंदराविषयी तू विचारले होतेस. दामिनीने बाही बघितली. उंदराचे दात एवढे मोठे नसतात. कापडावर लाळ वाळून पांढरी झाली होती. रोज वर्गात दप्तराआड ती बाही तोंडात धरून बसत असावी.

काल कपडे आणायला घरी गेलो तेव्हा तिची तात्पर्याची वही काढली. धमकूचा तो भाग पहिल्यांदा लागला त्या दिवसाचे पान. वळणदार अक्षरात लिहिले आहे, “दुखते असे सांगणे हा बहाणा असतो. हुशार मुले सांगत नाहीत.” खाली लाल शाईने माझी बरोबरची खूण आणि ‘उत्तम’. पंचेचाळीस वह्यांच्या गठ्ठ्यात हीही हातावेगळी केली होती. अक्षर पाहिले, वाक्य वाचले नाही.

ताई, त्या भागातला दोष मी दामिनीला ऐकवला, स्टाफरूमला ऐकवला, तुला पान भरून लिहिला. तो सांगायला हवा होता एकाच माणसाला. ती माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. तिला सांगायचे राहिले.

पत्र कसेतरी लिहिले आहे. लोभ कमी करू नये, एवढेच आज मागतो.

गजेंद्र

* * *

दवनीवाडा
दि. १६ डिसेंबर २०२४

चि. गजेंद्रास आशीर्वाद.

छाती पिटून राहू नको. पोरगी घरी आली हे यांना दामिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या धुरपताबाईले यांच्याजवळ बसवून नाताळच्या सुट्टीत एक दिवस येऊन जाईन.

सगळं खापर घुबडावर फोडू नको, आणि एकट्या तुझ्या डोक्यावरही नको. मी चौतीस वर्षं सुई टोचताना लेकरांले म्हणत आली की कायी नाही होत, मुंगी चावते. जे रडलं नाही त्याले गोळी-बिस्कीट. जे रडलं त्याले काही नाही. वरून त्याच्या आईले सांगायची की तुमचं पोरगं नाजूक आहे. मलेही तेव्हा ते बरोबरच वाटे. तुझं पत्र वाचल्यापासून हातातलं काम सुचत नाही.

आता कामाचं सांगते. पाणी भरपूर पाज, सकाळच्या थंडीत बाहेर काढू नको. आणि तिले “दुखते का” असं विचारूच नको. त्याचं उत्तर नाही असंच येते. “कुठं दुखते” विचार, म्हणजे दुखणं तू आधीच कबूल केलं हे तिले समजते. जमलं तर तो हत्तीचा भाग तिच्यासोबत बसून पुन्हा बघ. तुझं शास्त्र सांगू नको. गुरुजीच्या जागी ती असती तर काय म्हणाली असती, हे तिलेच विचार आणि मग तोंड बंद ठेव. तुले जड जाईल, पण ठेव.

पोरीच्या दोन्ही हातांची माझ्या वाटची पापी घे. हलक्यानं.

पुष्पाताई

* * *

॥ श्री ॥

कुडवा, गोंदिया
रविवार, दि. २२ डिसेंबर २०२४

ती. पुष्पाताईस सा. न. वि. वि.

तोंड बंद ठेवण्याची तुझी आज्ञा मी पाळली. वीस वर्षांच्या नोकरीत न जमलेली गोष्ट एका दुपारी जमली. दामिनीने देवाला आणखी साखर ठेवली.

शुक्रवारी मोबाइलवर तो भाग शोधून आम्ही दोघांनी पाहिला. काटा, हसणारे माकड, शर्यत, गुरुजींचे पंख, सगळे. संपल्यावर मी विचारले की गुरुजींच्या जागी ती असती तर काय म्हणाली असती. मला वाटले होते ती म्हणेल, दुखले तर सांगावे. शाबासकीही मी तयार ठेवली होती. ती म्हणाली की बाबा, पण त्यानं तर सांगितलं होतं. मी हो म्हटले. तर म्हणे, मग?

चांगले वादविवाद जिंकलेला माणूस मी, ताई, पण त्या ‘मग’पुढे तयार ठेवलेली शाबासकी परत खिशात घातली.

मग तिने आपणहून सांगितले. तक्रारीच्या सुरात नव्हे, काल डब्यात काय होते हे सांगावे तसे. म्हणाली की तिनेही सांगितले होते. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सकाळी, मी गाडी बाहेर काढत असताना, पाय दुखून राहिला म्हणून. त्यावर मी म्हणे म्हणालो की दुर्गाबाईंचा पाय मोठा विद्वान आहे, शाळेची वेळ बरोबर ओळखतो. तुम्ही हसले होते बाबा, म्हणाली. आईपण हसली. मग मीपण हसली.

मला हे आठवत नाही. दामिनीलाही आठवत नाही. पण वाक्य माझेच आहे. या घरात असे बोलणारा दुसरा कोण आहे? अशी वाक्ये मी दिवसाला दहा टाकतो आणि एकही लक्षात ठेवत नाही. तिने ठेवले. हे त्या भागाच्या आधीचे, ताई. घुबडाने तिला नवीन काहीच शिकवले नाही. घरी शिकलेले तिने टीव्हीवर ओळखले, आणि वहीत उतरवून माझ्याकडेच तपासायला दिले.

मी तिची माफी मागितली. ती लगेच म्हणाली की असू द्या ना बाबा. इतक्या लगेच, की मला बरे वाटलेच नाही.

बोटांची सूज गेली आहे. पाणी पिते, खाते. रात्री दामिनीला बिलगून झोपते. तिला ती थोडेफार सांगू लागली आहे. सकाळी गुडघा दुखल्याचे सांगितले, ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आले. मी तू सांगितलेस तसे, कुठे दुखते, असे विचारतो. उत्तर देण्याआधी ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. मी हसणार आहे की काय, हे बघते. आणि मग म्हणते, कुठंच नाही. काल पायमोजा चढवताना तिने ओठ घट्ट मिटून घेतलेले मी डोळ्यांनी पाहिले. विचारले. कुठंच नाही.

भाऊजींचे प्लास्टर निघाले की कळव. नाताळात ठरल्याप्रमाणे तू ये. तुझ्या मायेचा तिला उपयोग होईल. माझी सध्या तिच्यापर्यंत पोचत नाही.

डॉक्टर सांगतात की असा झटका पुन्हा येणार, फक्त कधी ते सांगता येत नाही. थंडी अजून दीड महिना आहे. दामिनी घरी नसेल, मी तिच्या शेजारीच बसलेलो असेन, तिला असह्य दुखत असेल आणि ती मला सांगणार नाही. ताई, मला याची फार भीती वाटते.

गजू