बाबांच्या विश्रांतीचा बांध

म्हैसमाळ,
श्रावण, १९७३

ती. दाजींना नागनाथचा सविनय जयभीम.

तुम्ही, आक्का आणि पोरं वालूरला खुशाल असाल, तुमच्या शाळेचे पत्रे गळत नसतील (गळत असले तरी भाग्य समजा, मागच्या वर्षी गळायलाही काही नव्हतं) आणि आक्काचे गुडघे तिला उठूबसू देत असतील, अशी आशा करतो. आम्ही सर्वजण इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. अक्षर वाकडंतिकडं आलं तर राग मानू नये, कारण हे पत्र मी लॉजच्या पलंगावर पालथा पडून लिहीत आहे. ते का, हे ओघाने येईलच. पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचावं आणि मग आक्काला त्यातलं काय वाचून दाखवायचं ते ठरवावं. तुम्ही मास्तर आहात, कुठला धडा परीक्षेला येत नाही हे तुम्हाला बरोबर कळतं.

दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून बाबांची कंबर गेली, हे तुम्ही पाहिलंच आहे. कंबरेचं एवढं नाही, पण कंबरेबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. यंदा गावी पेडगावला पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, तरी हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. कालवणात मीठ नसलं तरी आईशी भांडण नाही! एवढं झाल्यावर मात्र मी घाबरलो. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला औषध नाही, थंड हवेच्या ठिकाणी न्या, पूर्ण विश्रांती द्या आणि पाण्याच्या पेल्याहून जड काही उचलू देऊ नका. वर आक्काने तुमच्यादेखत मला दम भरला, की बाबांनी तिथे काडी जरी उचलली तरी माझ्या दारात पाय ठेवू नकोस. म्हणून मी कचेरीतून रजा काढली आणि आई, बाबा, कुसुम असे आम्ही निघालो. गावात मात्र हे कोणालाच पटेना. लग्न नाही, मयत नाही, दवाखाना नाही, मग जायचं कशाला? नुसतं बसायला एवढ्या लांब? बसायला आपल्या पारावर जागा काय कमी आहे? खरं सांगतो दाजी, स्टॅंडवर निरोप द्यायला आलेल्या लोकांच्या तोंडाकडे पाहून मलाच वाटायला लागलं की आपण काहीतरी लपवतोय.

म्हैसमाळला काय पाहिलं म्हणाल, तर धुकं पाहिलं. लॉजचे मॅनेजर भुजंगराव (स्वभावाने अत्यंत सज्जन, म्हणजे आम्ही येईपर्यंत होते) आम्हाला मोठ्या कौतुकाने इथून दरी दिसते, तिथून झाडी दिसते, असं दाखवत फिरले आणि आम्ही सगळीकडे त्याच पांढऱ्या रंगाला मान डोलावत गेलो. पाऊस तर खंड म्हणून घेईना. आमच्या आईला पन्हाळीतून पडणारं पाणी बघवेना. तिने आल्या आल्या खोलीतली बादली पन्हाळीखाली लावली. मग लॉजमधल्या इतरांच्या बादल्या लावल्या. मग पेले, पिंप, आचाऱ्याची पातेली आणि शेवटी चहाच्या किटल्याही गेल्या. चहा प्यायला एक कप उरला नाही तेव्हा भुजंगराव हात जोडून आले, तर ही त्यांनाच समजावते, “भरून ठिवलेलं बरं आस्तंय, लेकरा. सांगून येतंय व्हय कोरडं साल?” खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बिचारी कुसुम दिवसातून पाच पाच वेळा अंघोळ करून भांडी रिकामी करायची आणि तिने केस पुसेपर्यंत आई तीच भांडी पुन्हा भरून हजर! सासूसुनांची अशी चुरस मी जन्मात पाहिली नाही. सध्या कुसुमला सर्दी आहे.

बाबांना मी मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसवलं, मांडीवर घोंगडी दिली, हातात छत्री दिली आणि समोर भिंत येणार नाही याची काळजी घेतली. इथेच माझं चुकलं. समोर भिंत नव्हती, पण लॉजच्या मागून वाहणारा नाला होता. दोन दिवस ते त्या नाल्याकडे टक लावून बसले. तिसऱ्या दिवशी ते बोलले. तेही भुजंगरावांशी.

“हे पानी कुटं जायलंय?”

“खाली दरीत जातं, बाबा.”

“कोनाचं हाय?”

“कोणाचंच नाही.”

झालं! बाबांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच छत्रीच्या टोकाने मला एक दगड दाखवला आणि म्हणाले, “त्यो तिथं ठिव.” मी म्हटलं, बाबा, विश्रांती. ते म्हणाले, “मी कुटं उचलायलोय? डाक्टरनं मला सांगितलंय, तुला न्हाई.” तुमच्या लक्षात आलंच असेल, दाजी. कामावर बाबा उन्हात खडी फोडायचे आणि मुकादम खुर्चीवर छत्री धरून बसायचा. आज खुर्ची बाबांची होती आणि छत्रीही. मी मुकाट्याने दगड उचलला.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. लॉजमध्ये औरंगाबादचे एक वकीलसाहेब होते. धुक्याने कंटाळून ते आधी नुसते बघायला आले, मग सल्ला द्यायला लागले, आणि बाबांनी “बोलू नका, टोपलं धरा,” म्हटल्यावर धोतराचा काचा मारून टोपलं धरून उभे राहिले. पुण्याचं एक नवं जोडपं होतं. दरी न दिसल्याच्या रागाने ती बाई नवऱ्याशी बोलत नव्हती. बाबांनी दोघांना एकाच टोपल्याच्या दोन कानांना लावलं. संध्याकाळपर्यंत ती खिदळत होती. मग आचारी आला, झाडूवाली आली. कोणी उशिरा आलं तर बाबा हजेरी कापायचे (कसली ते मला विचारू नका) आणि वकीलसाहेब खालच्या मानेने पावसाचं कारण सांगायचे. नाल्यावर आडवा बांध उभा राहिला. पाणी तुंबलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

एक गोष्ट मात्र कोणीच बाबांना विचारली नव्हती, की तुम्ही आयुष्यात बांध कधी घातला होता? नव्हता! ते दूर बसून खडी फोडायचे, बांध घालणारे दुसरे. त्यामुळे अडवलेलं पाणी मागे सरतं आणि मागे आपलाच लॉज आहे, हा विचार पाणी जेवणाच्या खोलीत येईपर्यंत कोणाच्या डोक्यात आला नाही. आम्ही धावत गेलो, तर आचारी टेबलावर स्टोव्ह ठेवून, स्वतःही टेबलावर उकिडवा बसून भजी तळत होता. भुजंगराव दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, आणि त्यांची गादी त्यांच्यासमोरून कचेरीबाहेर चालली होती. आणि दाजी, बाबा हसले. आधी मला वाटलं ठसका लागला. पण ते छत्री टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. आई पेला हातात धरून दारात रडायला लागली. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. दीड वर्षाने ऐकलं हो ते हसणं.

भुजंगरावांनी बांध ताबडतोब मोडायचा हुकूम सोडला. वकीलसाहेबांनी ‘जैसे थे’ची धमकी दिली. शेवटी तडजोड अशी झाली, की लॉजमधलं पाणी उतरण्यापुरता बाजूने सांडवा काढायचा. तो काढताना एका धोंड्याने माझी कंबर धरली, ती अजून सोडली नाही. इथल्या डॉक्टरांनी मला पूर्ण विश्रांती सांगितली आहे आणि पाण्याच्या पेल्याहून जड काही उचलायचं नाही. हवापालटासाठी कोरड्या हवेच्या ठिकाणी जा म्हणाले. मी त्यांना परभणीचा पत्ता सांगितला.

असो. लहानांना पापे, थोरांना जयभीम, आक्काला दोन्ही.

तुमचा,
नागनाथ

ता. क. : खरं काम राहिलंच. माझी जागा रिकामी झाल्यामुळे सांडव्यावर एक माणूस कमी पडतोय. बाबांनी तुमचं नाव घेतलं आहे. तुम्ही चार दिवसांची रजा टाकून मिळेल त्या गाडीने यावं. येताना घरचं एक खोरं आणावं, इथल्या खोऱ्यांचे दांडे फारच नाजूक आहेत.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करणार तोच आरडाओरडा झाला. बांध फुटला. सगळा लॉज गच्चीवर उभा राहून बघत होता, वकीलसाहेबांनी तर टोपी काढली. मी भिंत धरून कसाबसा व्हरांड्यात गेलो. वाटलं, आता बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. तर ते खुर्चीवरून उठून नाल्याच्या काठाशी गेले होते आणि वाहून गेलेल्या जागेकडे बघून आईला म्हणत होते, “खालून पोकळ ऱ्हायला व्हता. उंद्या परत घालू. आन आज कालवनात मीठ का न्हाई?” त्यावरून दोघांचं असं काही जुंपलं आहे की मला इथपर्यंत ऐकू येतंय. तेव्हा खोरं एक नको, दोन आणा. आक्काला एवढंच सांगा, की बाबांना इथली हवा मानवली.