सात नंबरची बाटली

११ मार्च, दुपार

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे ठीक. ह्यांची बदली पुन्हा लांबली. पोरगी सायकल शिकते आहे, म्हणजे भिंतींवर आपटते आहे. शाळेच्या लॅबमधला नळ तुझ्या वेळी गळायचा तसाच गळतो. अर्ज करून करून माझा हात दुखला.

प्रॅक्टिकलची परीक्षा कशी झाली, असं तू विचारलंस. ते लिहायला बसले की भलतंच काहीतरी लिहिते. तीन पत्रं फाडली.

त्या नळाच्या पाण्यानं दोन बाटल्यांची लेबलं सुटली होती. एकीत अल्कोहोल, दुसरीत पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला असता तर ॲसिड फसफसलं असतं, अल्कोहोल ढिम्म राहिलं असतं. मिनिटाचं काम. पण सर दारात घड्याळ बघत उभे. म्हणाले, "तुम्हाला सोडा कशाला लागतो? मावशींचं नाक आलंय तुमच्याकडे." मी बूच काढलं, हुंगलं आणि ठसक्यात सांगितलं, "हे ॲसिड." ती बाटली सात नंबरच्या टेबलावर गेली, दुसरी रसायनांच्या कपाटात.

मावशी, मला कसलाच वास आला नव्हता. त्या मोठ्या तापापासून येतच नाही. दूध करपलं तरी कळत नाही. तुला मात्र सर्दी सर्दी म्हणत राहिले.

सात नंबरच्या मुलीनं उत्तर लिहिलं, अल्कोहोल. सरांच्या यादीत ॲसिड. पोरगी रडली नाही, भांडली. "सर, मी तीनदा सोडा टाकला. एक बुडबुडा नाही. निळा लिटमसही निळाच राहिला."

"डोळे उघडे ठेवून प्रयोग करायचा असतो," सर म्हणाले, आणि तिला नापास केलं. मी शेजारचं टेबल पुसत होते. पुसतच राहिले.

सगळे गेल्यावर मी सोडा टाकून पाहिला. ढिम्म. परीक्षानळी धुतली आणि घरी आले. पाच दिवस गप्प. घरात सगळ्यांवर खेकसले, एक चांगला कप फोडला.

काल सरांना सांगितलं. "गुण पाठवून झाले, आता कशाला उकरताय?" असं म्हणून ते वह्या तपासायला लागले. इतकी चीड आली की आज सकाळी बाटली घेऊन थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सोडा टाकला.

"हे आधी का नाही केलंत?" बाईंनी विचारलं.

"मला वास येत नाही, बाई. आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

मुलीचे गुण दुरुस्त होऊन गेले. तिला मीच जाऊन सांगितलं. "म्हणजे माझं बरोबर होतं," एवढंच म्हणाली आणि वर्गात गेली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. का पाहावं?

कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आहे. नोकरीचं सोमवारी ठरेल. राहिली तरी कळवीन, गेली तरी कळवीन, पण या वेळी लगेच.

तुझ्या नावावर नोकरी मिळवून तुझ्याच नावाला बट्टा लावलेली,
तुझी भाची